ओली मूर्ती

कुणाच्या घरी मूर्ती मांडायला गेलो की मामा आधी चपला काढायचे, आणि जिथे ती ठेवायची त्या कोपऱ्यात स्वतःच जाऊन मांडी घालून बसायचे. पाच मिनिटं, कधी दहा. घरमालकीण माझ्याकडे बघायची आणि मी छताकडे. "आदी बसून बगतो ताई, मग सांगतो," एवढंच ते म्हणायचे. ऊन कुठून येतं, जाता-येता कुणाचा धक्का लागेल, तिला दिवसभर समोर काय दिसेल, हे त्यांना तिच्या जागेवरून बघायचं असायचं.

माझं तेव्हा बेलापूरला दुकान होतं. नव्वदीची ती वर्षं तुम्ही नव्या मुंबईत काढली असतील तर आठवेल, रोज कुठल्या ना कुठल्या सेक्टरमध्ये वास्तुशांत असायची आणि प्रत्येकाला हॉलमध्ये 'काहीतरी वेगळं' हवं असायचं. माझ्याकडे दोन्ही प्रकार होते. पाडलेल्या जुन्या घरांतले लाकडी पोपट, पितळी हत्ती, दगडी दिवे. आणि नवीन म्हणून तारेच्या बायका, भोकं पाडलेले फायबरचे चेहरे. मामा म्हणजे माझे कारागीर, साताऱ्याकडचे, जातीचे कुंभार. उभा जन्म गणपतीच्या कारखान्यांत गेलेला. तळवलीत भाड्याच्या खोलीत नवरा-बायको दोघंच राहायचे. माझ्याकडे मोडकं जोडायचं आणि विकलेलं लोकांच्या घरी नेऊन मांडायचं, हे त्यांचं काम.

त्यांची मतं ठाम होती. एका साहेबांच्या बाईंना जुनी लाकडी यक्षीण आणि लोखंडी नर्तकी समोरासमोर ठेवायची होती. मामा दोन्ही जागी बसून आले आणि म्हणाले, "समोर नगं. दिसभर भांडत्याल. शेजारी ठिवा, म्हंजे एकीकडंच बगत्याल." बाई हसल्या, पण ऐकलं. खरं सांगते, तो हॉल आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. इतकं सुंदर काम मी माझ्या अकलेनं कधीच केलं नसतं.

दुकानात आमचा एक नियम होता, तोही त्यांनीच घातलेला. विकायची मूर्ती दाराकडे तोंड करून ठेवायची. जी विकायची नाही, अजून कच्ची आहे किंवा कुणासाठी राखलेली आहे, तिचं तोंड भिंतीकडे. चिठ्ठ्या-बिठ्ठ्या काही नाहीत. पाठ दिसली की मी गिऱ्हाइकाला पुढे न्यायची.

मागच्या कोपऱ्यात अशी एक पाठ कायम असायची. मुलीचं डोकं आणि खांदे, प्लास्टरचं, हातभर उंच. मी एकदा फिरवून बघितलं होतं. आठ-नऊ वर्षांची पोर, ओठ मिटलेले पण हसू आवरत नाही असे, आणि डावा कान अर्धाच घडवलेला. मी म्हटलं, "मामा, ही पुढे ठेवू या ना. लगेच जाईल."

"ती ओली हाय अजून."

पुढच्या वर्षी विचारलं, तरी ओलीच. तिसऱ्या वर्षी मी चेष्टा करायला लागले. "काय मामा, खाडीत बुडवून आणता का रोज तिला?" ते हसायचे आणि तिला घट्ट भिंतीकडे सरकवायचे. कारागिराची खोड, कान पुरा होईपर्यंत सोडवत नसेल, असं मी धरून चालले. तिसऱ्या वर्षीही मला याहून वेगळं सुचलं नाही, याची आज लाज वाटते.

मग एके दिवशी सकाळी मी दुकानात शिरले तर ती मूर्ती दाराकडे तोंड करून उभी. मामा कुठे बाहेर गेलेले. मी मनात म्हटलं, चला, सुकली एकदाची! तेवढ्यात नेरुळचं एक जोडपं आलं. दुसऱ्या दिवशी त्यांची वास्तुशांत. बाईंची नजर थेट तिच्यावरच गेली. "हा कान असा का?" त्यांनी विचारलं. माझ्या जिभेला काय हाड! मी म्हटलं, "मुद्दाम सोडलाय. मॉडर्न टच." ते खूश झाले, आणि टेम्पो दारातच होता, मूर्ती लगेच गेलीही.

मामा परत आले तेव्हा त्यांच्या एका हातात मोगऱ्याचा गजरा होता, दुसऱ्यात पेढ्यांचा पुडा. ते कोपऱ्याकडे बघतच राहिले.

"विकली!" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. "सुकली ना शेवटी?"

त्यांनी गजरा खिशात ठेवला. मग म्हणाले, "व्हय. सुकली." पेढा माझ्या हातावर ठेवला आणि मागे जाऊन पाण्याचा नळ सोडला. मी तो पेढा खाल्ला.

दुपारी तो कोपरा झाडायला वाकले आणि तशीच बसले. भिंतीवर, बरोबर तिच्या चेहऱ्याच्या उंचीला, रंगीत खडूची चित्रं होती. कौलारू घर, आंब्याचं झाड, शेपटी वर केलेली मांजर, दोन पतंग. तोंड भिंतीकडे म्हणून तिला बघायला काहीतरी.

मग मामांनी सांगितलं. ती त्यांची एकुलती एक लेक. खेळता खेळता समोर बसवून मातीत तिचं तोंड काढत होते. कानापर्यंत आले आणि मैत्रिणींनी हाक मारली, तशी ती पळाली. त्याच आठवड्यात ताप आला, दोन दिवसांत सगळं संपलं. त्या मातीवरूनच पुढे प्लास्टरची मूर्ती ओतली. घरी ठेवली तर तिची आई जेवेना, म्हणून दुकानात आणली. वाढदिवसाला तेवढी तिला दाराकडे फिरवायची आणि गजरा घालायचा. एरवी गजरा आधी आणायचे आणि मी यायच्या आत तिला परत भिंतीकडे करायचे. त्या दिवशी आधी फिरवली.

मला रडू आवरेना. मी फोन उचलला. "आत्ताच परत मागवते."

त्यांनी माझ्या हातातून रिसिव्हर काढून घेतला. "नगं ताई. तोंड मीच फिरवलं. उद्या त्येंची वास्तुशांत. भरल्या घरातनं मूर्त माघारी मागायची? त्या बाईच्या मनाला कायमचं लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेरुळला गेलो. मामा चपला काढून हॉलच्या एका कोपऱ्यात बसले. उठले, दुसऱ्या कोपऱ्यात बसले. मग खिडकीपाशी. तिथून खाडीची पट्टी दिसत होती. त्या घरातली दहा वर्षांची मुलगी येऊन त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आजोबा, आपण काय बघतोय?" एवढा वेळ मामा दुकानात नव्हते बसले, कुणाच्या घरीही नव्हते बसले. शेवटी उठून त्यांनी मूर्ती तिथेच ठेवली, खिडकीकडे तोंड करून.

पुढे दर दोन-तीन महिन्यांनी ते मऊ ब्रश घेऊन तिची धूळ झाडायला जायचे. आल्यावर सांगायचे, आज त्या पोरीनं तिला रिबीन बांधली हुती, आज दोघी मिळून पाढे म्हनत हुत्या. "माझ्यापाशी नुसती भिंत हुती, ताई." एकदा मात्र ब्रश तसाच घेऊन परत आले. त्या मुलीच्या वडिलांची दूर दक्षिणेत कुठे बदली झाली होती, सगळं सामान गेलं होतं. पत्ता शेजाऱ्यांनाही माहीत नव्हता. "पोरगी नांदाया गेली म्हनायचं," ते म्हणाले, आणि एका हत्तीची मोडलेली सोंड जोडायला बसले.

पुढच्याच वर्षी मामा गेले. छातीत दुखतंय म्हणाले, तेवढंच.

तेरावं झाल्यावर मामी दुकानात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हातात धुवून घडी घातलेलं जुनं लुगडं.

"लेकीला न्यायला आले," त्या म्हणाल्या. "ह्ये म्हनायचे, तुजं मन धजंल तवा आनू. आता घरात कुनीच न्हाई. आता बगवंल मला."

मूर्ती गेल्याचं मामांनी त्यांना सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. काही लपवलं नाही, कानाबद्दल मी काय बोलले तेसुद्धा. त्या लुगड्याची घडी चुरगाळत ऐकत राहिल्या. रागावतील, शिव्या देतील, मला वाटत होतं द्याव्यात.

"तोंड कुनीकडं हुतं तिचं?" त्यांनी विचारलं.

"खिडकीकडे. खाडी दिसायची तिथून."

"ह्येंनी बसून बगितलं हुतं?"

"खूप वेळ बसले होते, मामी."

त्यांनी मान हलवली. मी त्यांना मागच्या कोपऱ्यात नेलं. मध्यंतरी दुकानाला रंग दिला होता, पण तेवढी वीतभर भिंत मी रंगवू दिली नव्हती. खडू पुसट झाला होता. मामींनी वाकून घरावरून बोट फिरवलं, मांजरीपाशी थांबल्या. "ही तिची मनी," म्हणाल्या. मग चपला बाजूला काढल्या, लुगडं मांडीवर घेतलं आणि मामा बसायचे तशाच बसल्या, भिंतीकडे तोंड करून.

तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. मी बाहेर गेले, मागे दार ओढून घेतलं आणि म्हटलं, "आज दुकान बंद आहे."