उजव्या चपलेची कविता

त्या सोमवारी जिंतूरची एसटी फलाटाला लागली न लागली तोच मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. दोघींची जागा. परभणी ते बोरी, एकोणीस वर्षं आमचं हेच चाललेलं... रुमाल माझा, खिडकी निर्मलाची. गाडी सुटायची वेळ झाली तरी बाईचा पत्ता नाही, म्हणून मी मनातल्या मनात तिला चांगलं झाडत होते. बसली असेल घरी कुठल्या तरी यमकाच्या मागं! तेवढ्यात तिच्या मुलाचा, समीरचा, फोन आला. "मावशी, आई गेली." पहाटे छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी गाडीतून उतरले. रुमाल तिथंच राहिला.

निर्मला बोरीच्या शाळेत मराठी शिकवायची आणि मी गणित. पण तिची खरी ओळख म्हणजे तिची पुस्तकं. मुलांना ओवी, पोवाडा, गझल असले कवितेचे प्रकार हसत हसत कळावेत म्हणून लिहिलेली तीन पातळ पुस्तकं, परभणीच्याच एका छोट्या छापखान्यात छापलेली. त्यांत उचकी लागलेल्या बाईची ओवी होती, काही केल्या सुरू न होणाऱ्या स्कूटरचा पोवाडा होता, भिंतीवर झोपून खाली पडलेल्या पालीचा श्लोक होता. गझलेत तर प्रत्येक शेराच्या शेवटी 'माहीत नाही बाई'. फळ्यापुढं उभं केलेलं लेकरू दुसरं म्हणणार तरी काय? अख्खा वर्ग ती ओळ एका सुरात ओरडायचा आणि शेजारच्या वर्गात माझे अपूर्णांक कोलमडायचे. मी दार वाजवून सांगायची, "निर्मला, आमचं गणित चालू आहे हो!" आतून पोरं म्हणायची, "माहीत नाही बाई!" राग यायचा, खोटं कशाला बोलू? हसूही यायचं. प्रत्येक कवितेखाली ती चार कोऱ्या ओळी सोडायची आणि वर लिहायची, 'आता तुझी पाळी'.

या कविता व्हायच्या बसमध्ये. ती ओळ म्हणायची आणि मला कोपरानं ढोसायची, "सुले, आठ भरतात का बघ." मी बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजायची. "नऊ. एक काढ." "काढवत नाही गं." "मग टाक खिडकीबाहेर!" ती अशी हसायची की पुढचे प्रवासी वळून बघायचे. कवितेतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण मोजण्यात मी कुणाला ऐकणारी नव्हते, आणि निर्मलाही एका अक्षराची सूट कुणाला द्यायची नाही. स्वतःला तर मुळीच नाही.

आमचं एकदाच खरं वाजलं, तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी. त्यात तिनं विलापिका घातली होती, म्हणजे गेलेल्या माणसासाठी लिहितात ती कविता. तिची मात्र होती चपलेवर.

आठवडी बाजारात
डावी चप्पल गेली हो,
उजवी ती दारापाशी
एकटीच बसली हो.

नवी आणू म्हणे आई,
उजवी काही बोलेना,
पाय माझा घालू जाता
वाट तिला आठवेना.

मी मोजली, सगळीकडं आठ. मग म्हटलं, हे पान काढ. त्याच वर्षी सहावीतल्या वैष्णवीची आई गेली होती. ती पोर वर्गात दगडासारखी बसायची. "तिच्यापुढं हे वाचणार तू? आणि बाकीची पोरं फिदीफिदी हसणार?" निर्मला म्हणाली, "तिच्यासाठीच तर लिहिलंय गं. हसण्याच्या पुस्तकात रडायला एक पान नको?" मी नको ते बोलले. म्हटलं, तुला लेकरांपेक्षा तुझी कविता प्यारी आहे. पंधरा दिवस आम्ही एकाच गाडीत वेगवेगळ्या बाकांवर बसलो, आणि मीही हट्टानं रुमाल टाकला नाही. सोळाव्या दिवशी ती येऊन उभी राहिली. "काढलं पान. सरक आता." मी सरकले. जिंकल्यासारखं वाटलं मला, काय सांगू!

परवा समीरच्या घरी बसायला गेले होते. तिथं एक उंच मुलगी आली आणि माझ्या पाया पडली. वैष्णवी. आता परभणीलाच नर्सिंग करतेय. तिनं पर्समधून घडी पडून मऊ झालेला कागद काढला... चपलेची विलापिका. "बाईनं मला दिलतं. शाळा सुटल्यावर, व्हरांड्यात. म्हणल्या, कुणाला दावू नको, सुलभाबाईला तर बिलकुल न्हाई." ती जरा ओशाळली. "आधी चपलेचं वाचून हसायला आलं बघा. आई गेल्यावर पहिल्यांदा. अन् मंग लय रडले. तवर रडायलाच येत नव्हतं मला."

खालच्या चार ओळी तिनं पेन्सिलनं भरल्या होत्या. आईच्या हातच्या भाकरीबद्दल काहीतरी. सवयीनं माझी बोटं पेरांवर फिरली. एका ओळीत सहा, एकीत अकरा, बाकी दोन्ही सात सात. आणि बाजूला निर्मलाच्या लाल पेनची खूण होती. बरोबरची. एका अक्षरासाठी बोरी येईपर्यंत माझ्याशी हुज्जत घालणाऱ्या बाईनं चारी ओळी बरोबर दिल्या होत्या. माझं चुकलं होतं, निर्मला. हे तुला बसमध्ये, हसत, खिडकीकडं बघत सांगायला हवं होतं. तू कोपर मारलं असतंस आणि विषय तिथंच संपला असता.

निघताना समीरनं तिची बसमधली कवितांची वही माझ्या हातात ठेवली. "मावशी, यातलं आम्हाला काही लागत नाही. हिशोब तुमचेच दिसतात." खरंच, पानोपानी समासात माझ्या अक्षरातले आकडे, आठ, आठ, नऊ, आठ. शेवटी ते काढलेलं पान छापखान्यातून आलं होतं तसंच खोचलेलं. छापखान्यात सांगून ठेवलंय, पुस्तक पुन्हा निघेल तेव्हा हे पान जागच्या जागी लावायचं. तोवर थांबायचा मला धीर नाही, म्हणून झेरॉक्स काढून सहावीच्या वर्गात वाटून टाकलं. पोरं हसली. हसू दिलं मी.

मूळ पान मात्र माझ्याजवळ आहे. माझी नोकरी अजून दोन वर्षं आहे, गाडी तीच आणि कंडक्टरही तोच. रुमाल मी अजून टाकते, सवय जात नाही. काल कंडक्टर आला, मशीनवर बोट ठेवून त्यानं नेहमीसारखं विचारलं आणि मग स्वतःच जीभ चावली बिचाऱ्यानं. मी पर्समधून ते पान काढलं आणि पेन. जन्मात कविता लिहिलेली नाही मी, अपूर्णांक शिकवणारी बाई. पण पाळी माझीच होती. गाडी हलत होती, अक्षर वाकडं आलंय...

बसमध्ये खिडकीशी
तुझी जागा अजून गं,
'दोन बोरी?' कंडक्टर.
मी म्हणते, 'एकच.'

पेरांवर मोजल्या. तीन ओळींत आठ आठ. शेवटचीत सातच भरतात. बोरीपर्यंत एक अक्षर शोधलं, मग पेन बंद केला आणि ओळ आहे तशी राहू दिली.