समुद्राकडे पाठ केलेली घरं

हरिहरेश्वरच्या अलीकडे, अगदी किनाऱ्यावर बारा घरांच्या इमारतीचं आर्किटेक्ट म्हणून काम मला मिळालं, तेव्हा मी आनंदानं वेडी झाले होते. 'निसर्गाच्या कुशीत' असं आमच्या बिल्डर शेठनी जाहिरातीत आधीच छापून टाकलं होतं. ती कूस नकाशावर आणणं माझ्याकडे होतं. मी काय केलं, तर पश्चिमेची भिंतच काढली आणि जमिनीपासून छतापर्यंत काच लावली. नमुन्याचा एक फ्लॅट आधी बांधून घेतला आणि स्वतःवर खूश होऊन त्याचे फोटो सगळ्यांना पाठवले.

मे महिन्यात शेठचे पाहुणे तिथे राहायला आले. दुपारी चारला मी गेले तर पश्चिमेचं ऊन अडवायला पडदे ओढलेले, एसी घरघरतोय आणि सगळी मंडळी समुद्राकडे पाठ करून टीव्ही बघत बसलेली. काचेवर खाऱ्या वाऱ्याचा पांढरा थर साचला होता, तो वेगळाच. मला माझाच इतका राग आला की चपला न घालताच बाहेर पडले आणि पाय भाजून घेतले.

शेजारच्या नारळ-सुपारीच्या वाडीची मालकीण झाडांना पाणी सोडत होती. ओढलेले पडदे तिलाही दिसत होते.

"बाय, येवढा खर्च करून दर्या बघाय आलात," ती म्हणाली, "आनि पडदं वढून बसलात?"

मग तिनं मला घरी नेलं. इथली घरं मी येताजाता कितीदा पाहिली होती. पाहिली म्हणजे फोटो काढले होते. दार रस्त्याकडे, मागे पडवी, पडवीमागे वाडी आणि वाडीच्या टोकाला, वाळूला धरून, केवड्याचं काटेरी बन. माझ्या नकाशात त्या बनापुढे मी 'साफ करणे' असं लिहून मोकळी झाले होते. तिच्या पडवीतून समुद्र दिसत नव्हता. पण वारा वाडीतून गार होऊन येत होता, आणि लाटा ऐकू येत होत्या. समुद्र बघायचा तर चालत जायचं, असं तिनं सांगितलं. आणि चालत गेलं की तो केवड्याच्या पलीकडे एकदम समोर येतो, हे मी त्याच दिवशी पाहिलं.

आठ दिवसांत मी सगळं नव्यानं काढलं. इमारत रस्त्याजवळ, मागे प्रत्येकाला खोल पडवी, मग बाराजणांची मिळून एक वाडी, त्यातून पायवाट, आणि केवड्याला हात लावायचा नाही. शेठ भडकले. समुद्र दिसत नसेल तर विकू काय, असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदीच चूक नव्हतं. शेवटी त्यांनी रस्त्याजवळ, तळमजल्यावरचं एकच घर माझ्या नव्या पद्धतीनं बांधू दिलं. ते बांधून झालं, आणि पहिलं गिऱ्हाईक रविवारी येणार होतं. त्यानं नाक मुरडलं तर सोमवारी जेसीबी केवड्यावर चालणार आणि मी माझं सामान आवरणार, असं ठरलं.

मुंबईहून एक निवृत्त जोडपं आलं. पडवीत उभं राहून नवऱ्यानं विचारलं, "समुद्र कुठाय?" मी नुसती पायवाट दाखवली.

तासभर झाला तरी दोघं परतेनात. शेठ आलटूनपालटून घड्याळाकडे आणि माझ्याकडे बघत होते. मग ती दोघं आली, चपला हातात, पाय वाळूनं माखलेले. नवरा पडवीतल्या गार लादीवर आडवा झाला आणि चक्क घोरू लागला. बायकोनं घरभर फिरून एकच प्रश्न विचारला.

"इथं पडदे लावावे लागतील का हो?"

"नाही," मी म्हणाले. एवढ्या मोठ्यानं म्हणाले की तिचा नवरा जागा झाला.

त्यांनी घर तिथेच पक्कं केलं. सोमवारी जेसीबी आला, पण सुपारीच्या रोपांसाठी चर खणायला. रोपं शेजारणीच्या वाडीतली होती. काचेच्या फ्लॅटमध्ये आता शेठचं ऑफिस आहे, आणि तिथले पडदे दिवसभर ओढलेले असतात.