गुरुवारची लाल शाई

पीएच.डी.ला नाव नोंदवल्यावर पहिली दोन वर्षं मी माझ्या मार्गदर्शक सरांना तूरडाळ पोचवली. महिन्यातून एका गुरुवारी लातूरहून सकाळच्या यष्टीनं नांदेडला जायचं, विद्यापीठात सरांच्या टेबलाखाली मिलच्या डाळीची पिशवी सरकवायची आणि त्यांच्या मुलीची खबर द्यायची. मुलगी अकरावी-बारावीला, क्लाससाठी लातुरात. सगळा मराठवाडा तेव्हा आपली पोरं लातुरात आणून सोडत होता, सरांनीही सोडली. तिची खोली मी शोधली, डबा माझ्या घरून जायचा.

“काय लातूरकर, पोरगी जेवते का नीट?” हा सरांचा माझ्या संशोधनावरचा पहिला प्रश्न. बहुतेक वेळा शेवटचाही.

संशोधन होतं भूकंपानंतर औशाकडे नव्यानं वसवलेल्या गावांवर. जुन्या गावात भिंतीला भिंत लावून राहणारी माणसं नव्या गावात सरळ रांगांमध्ये लांब लांब गेली. मग शेजाराचं काय झालं, हे मी विचारत हिंडायचो. विषय चांगला होता. वाईट एवढंच की तो माझ्या हाती लागला होता. तरी सरांकडून प्रकरण परत यायचं तेव्हा प्रत्येक पानाखाली हिरवी टिक, शेवटी ‘छान’. मी फुगून परतायचो.

पण त्याच गुरुवारी भोकरच्या एक ताई यायच्या. तिकडे शाळेत शिकवायच्या, दोन लेकरांची आई, विषय मुलींनी शाळा का सोडली हा. डाळ नाही, डबा नाही. यायच्या आणि सरांसमोर तास-दीड तास बसायच्या. दार उघडंच असायचं. मी बाहेरच्या बाकावर बसून मान वाकडी करकरून बघायचो. आतून सर मोठ्यानं हसले की मी बाकावर आणखी दाराकडे सरकायचो. माझ्याशी हा माणूस पाच मिनिटांवर बोलत नाही, आणि ह्याची पोरगी माझ्या आईच्या हातच्या भाकरी खाते!

मुदत संपायला आठ महिने उरले. तेवढ्यात प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, आणि त्याबरोबर कॉलेजातली तासिकेवरची माझी नोकरी कायम व्हायची आशाही रद्द. लिहून झाली होती फक्त दोन प्रकरणं. त्या गुरुवारी ताई पाणी प्यायला गेल्या आणि त्यांचं बाड बाकावर माझ्या शेजारी राहिलं. सभ्य माणसानं जे करू नये ते मी लगेच केलं.

पानंच्या पानं लाल. समासात लाल, ओळींच्या मधे लाल. मला भलताच आनंद झाला. म्हणजे बाईंचं काहीच धड नाही! कँटीनमध्ये मी दोघातिघांना ऐकवलं, “भोकरच्या ताईंचं काही खरं नाही. सरांनी सोलून काढलंय.”

हा आनंद परतीच्या वाटेवर लोह्यापर्यंत टिकला. बस तिथं थांबली आणि लाल शाईतलं एक वाक्य उगाच आठवलं: ‘आकडा नंतर द्या. आधी ती मुलगी काय म्हणाली ते सांगा.’ एवढं कामाचं वाक्य मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या वाट्याला नुसत्या हिरव्या खुणा! लोह्यापासून लातूरपर्यंत मी त्या लाल शाईवर जळत आलो.

पुढच्या खेपेला राहवेना. ताईंना बाकावरच गाठलं. “ताई, सर तुमचं एवढं वाचतात कसं काय?”

त्या बघतच राहिल्या. “सर कुठं वाचतेत, भाऊ? त्यांना वेळ हाय का? मीच वाचून दाखवते. खटकलं की ते थांबवतेत, बोलतेत. ते मी लाल पेनानं लिहून घेते.”

सरांच्या खिशाला जन्मभर हिरवं पेन होतं. दोन वर्षं ते बघूनही लाल शाई त्यांची नसणार, हे मला सुचलं नव्हतं.

“जावा की आज तुम्ही आधी,” ताई म्हणाल्या. “सर न्हाई म्हणत नसतेत.”

गेलो. ताईही मागच्या खुर्चीवर येऊन बसल्या. सर खबरीची वाट बघत होते. मी म्हणालो, “सर, आज वाचून दाखवतो.” हिरव्या खुणांचं प्रकरणच काढलं, म्हटलं लाज तरी राहील. आवाज काढून वाचत सुटलो: “नव्या गावात घरं रांगेत आली, मात्र…” पान उलटलं, “बेडकाच्या हृदयात तीन कप्पे असतात.”

आमच्या गल्लीतला टायपिंगवाला अख्ख्या लातूरच्या क्लासच्या नोट्स करायचा. दहावीच्या विज्ञानाची तीन पानं माझ्या भूकंपात शिरली होती. तिन्हींखाली हिरवी टिक.

सरांनी चष्मा काढला. “बेडूक कुठल्या गावचा?”

“सर, तुम्ही… टिक आहे.”

“आहे ना. आणि देताना तू वाचलं होतंस?”

मी बेडकाची पानं बाजूला काढली. सर चष्मा पुसून डोळ्यांवर चढवत म्हणाले, “पोरीचं ती बघेल. पहिल्या पानापासून वाच. ताई, तुम्ही पुढच्या गुरुवारी या.”

ताईंनी हसू दाबायला पदर तोंडाला लावला होता, तो खाली आला. भोकरहून एवढ्या लांब आलेल्या बाईचा तास मी खाल्ला होता. त्या उठल्या आणि जाताना लाल पेन माझ्यापुढे ठेवलं. “लिहून घ्या. न्हाईतर बसमध्ये विसराल.”

शेवटी माझा प्रबंध गेला. मुदतीच्या आदल्या दिवशी, पण गेला. ताईंचा माझ्याआधी दीड महिना गेला होता, आणि पुढे तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी उभं राहून त्यांचं कौतुक केलं म्हणे. आभाराच्या पानावर मी ताईंचं नाव घातलं होतं. पण टायपिंगवाल्याच्या खाली. तेवढं केल्याशिवाय मला झोप आली नसती.