वाटीचं वजन

तांदळाच्या दुकानात कितीही झाडू मारा, गोण्यांच्या आड चार दाणे सापडतातच. किश्श्यांचंही तसंच. मी गोळा करत नाही. तेच साठतात.

बाळकुमला माझं तांदळाचं दुकान आहे. शाळा चौथीत सुटली. काटा अजून सुटलेला नाही. शेजारी गल्ल्यावर बायको बसते.

* * *

समोरच्या नव्या टॉवरमधली एक बाई आली. "काका, दोन कप कोलम द्या."

"कुणाच्या घरचे कप?"

तिने पर्समधून प्लास्टिकचा कप काढला. त्यावर अडीचशेची खूण. "म्हणजे दोन कप अर्धा किलो."

मी म्हटलं, ती खूण पाण्याची. तांदळाच्या दाण्यांमध्ये हवा राहते, तो कमी भरतो. दोन कप भरून काट्यावर ओतले. चारशेच्या थोडे वर.

बाईने काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काका, काटा रिपेअर करून घ्या!"

मी तांदूळ पिशवीत ओतला.

* * *

दिवा स्टेशनजवळ खोली घेऊन राहणारा एक मुलगा इथे कामाला येतो. म्हणाला, "एक कप म्हणजे दोनशे ग्रॅम ना काका? मग दोनशे ग्रॅम कुरमुरे द्या. कपभर भेळ करायची आहे."

दिले. पोटाशी धरलेली पिशवी त्याच्या छातीपर्यंत आली.

"काका, एवढे?"

"तुझा कप मोठा आहे रे!"

* * *

आंबिवलीचे माझे साडू. मुलीच्या हळदीला आचारी म्हणाला, "चार पायल्या तांदूळ लागेल." साडूंनी आपल्या गावच्या पायलीने हिशोब करून माझ्या दुकानातून किलोत तांदूळ नेला. आचाऱ्याचा गाव वेगळा, पायली लहान! हे कळलं तेव्हा टोप चुलीवर होते.

दुसऱ्या दिवशी अख्खी आळी फोडणीचा भात खात होती. साडू मलाच म्हणतात, "तू विचारलं का नाहीस?"

* * *

एक ताई पातेलं घेऊन धावत आल्या. खाली पाणी ठिबकतंय. "काका, मोबाईलवर रेसिपी ग्रॅममध्ये आहे. तांदूळ मोजायचे राहिले आणि भिजवून बसले. जरा वजन करा!"

एवढ्या वर्षांत ओला तांदूळ माझ्या काट्यावर कुणी आणला नव्हता. "अहो, पाणी पिऊन बसलेत ते!"

गल्ल्यावरून बायको म्हणाली, "आणि ताई, आधी रिकामं पातेलं ठेवा. नाहीतर त्याचंही वजन खाल!"

गिऱ्हाईक कुणीही असो, डबा कुठलाही असो, रिकाम्या भांड्याचं वजन वजा करायला ही बाई आजवर चुकलेली नाही.

* * *

मग मला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "दुपारी पन्नास ग्रॅम तांदूळ. रात्री भात बंद."

भात म्हणजे माझा जीव. तरी म्हटलं, पन्नास तर पन्नास. सुनेने केकसाठी आणलेला छोटा काटा घरात होताच. बायको म्हणाली, "मी मोजून लावीन."

पहिल्या दिवशी ताट समोर आलं. दोन-तीन घासांत भात संपला! कच्चे पन्नास ग्रॅम मूठभर दिसतात, हे मला ठाऊक. शिजलेले मोजायची वेळ कधी आली नव्हती. मागणं माझ्या स्वभावात नाही. ताक पिऊन उठलो. रोज तसाच उठलो. विजार सैल झाली.

रिपोर्ट आले. डॉक्टर खूश. "वा आजोबा! पन्नास ग्रॅम आहे तसेच चालू ठेवा." बायको शेजारी बसली होती. तिने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. बायकोने छोट्या काट्यावर स्टीलची वाटी ठेवली. काट्यावर तीस आलं. मग तिने वाटीत तांदूळ सोडला. पन्नास झाल्यावर हात थांबवला.

मी ओरडलोच. "अगं, वाटीचं वजन?"

तिने वाटी उचलली, तांदूळ धुतला, कुकरमध्ये ठेवला.

"डॉक्टर काय म्हणाले, अहो? आहे तसंच चालू ठेवा!"

आणि झाकण लावलं.