जीपची खांदशेकणी

कुरखेड्याच्या आसपास बैल हाकणारे ढीगभर होते, मोटार हाकणारा एकच, तो म्हणजे लटारू. विकास गटाची सरकारी जीप हाती आल्यापासून तो तिला पुसायचा, घासायचा, तिच्याशी गप्पाही मारायचा. बायको म्हणायची, "माह्यासंगं इतकं गोड कधी बोलले नाई."

त्याचा बाप वारलू मात्र या थाटावर खूष नव्हता. जन्मभर नांगर धरलेला माणूस. लेकाने कासरा टाकून लोखंडाचं चाक धरलं, हे काही त्याच्या मनाला पटेना. "तुही मोटार आपल्या गावात येईन, तवा तुले डायवर म्हणीन," असं त्याने चारचौघांत सुनावलं होतं. आता कोसमटोल्यात मोटार जाणार कशी? मध्ये ओढा, आणि वाट म्हणजे नुसती बैलगाडीची चाकोरी!

पण त्या हिवाळ्यात गावाने श्रमदान करून रस्ता काढला. ओढ्यात दगड रचून उतार बांधला. म्हातारा वारलूही डोक्यावर दगड वाहत होता, कोणासाठी ते त्याने सांगितलं नाही. विकास गटाचे साहेब रस्ता बघायला जाणार असं ठरलं. सकाळी कोसमटोला, तिथून परस्पर गडचिरोलीची बैठक. गाडी अर्थात लटारूचीच.

आदल्या संध्याकाळी विश्रामगृहापुढे त्याने जीप लख्ख धुतली. उद्या ती त्याच्या गावाला पाहुणी जाणार, तिला तशीच कशी न्यायची? पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, तसं त्याने मोहाच्या बियांचं, म्हणजे टोळीचं तेल कोमट केलं, पळसाच्या पानाने जीपच्या अंगाला लावलं आणि बैलांना म्हणतात तेच तिलाही म्हटलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." किल्ली जरा अडखळत होती, म्हणून तिच्या भोकातही दोन थेंब सोडले. आनंदात माणसाचा हात सैल सुटतो. दोनाचे दहा झाले.

रात्री कडाक्याचं हीव पडलं. सकाळी साहेब गाडीत बसले, लटारूने किल्ली घातली आणि ती फिरेचना. किल्लीच फिरत नाही, तर पुढे हँडल मारून काय उपयोग?

साहेबांनी खाली उतरून घड्याळ पाहिलं. "राहू दे लटारू. मी एसटीने गडचिरोलीला जातो. रस्ता पुढच्या महिन्यात बघू."

लटारूने कोसमटोल्याच्या दिशेने पाहिलं. सारं गाव ओढ्याशी उभं असणार, आणि सगळ्यांच्या पुढे बाप. जोर लावावा तर किल्ली मोडायची. त्याने ती बाहेर काढली. तिच्या दातांवर लोण्यासारखा पिवळट थर. नाकाशी नेली, आणि त्याने कपाळावर हात मारला. टोळीचं तेल थंडीत थिजतं, हे त्याच्या घरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं!

"साहेब, चूक माहीच हाय. मीच तेल टाकलो, मीच काढतो. जरासं थांबा."

चौकीदार चैतूची शेकोटी पेटलेलीच होती. लटारूने किल्ली चिमट्यात धरून तापवली, भोकात घातली, वितळलेलं तेल घेऊन बाहेर काढली, चिंधीने पुसली, पुन्हा तापवली.

"काऊन भाऊ, जीपचे खांदे शेकून राह्यला का?" चैतू हसला.

"काल शेकलो, आज तेल उतरवून राह्यलो!"

किल्ली कोरडी येऊ लागली तेव्हा त्याने कोंबडीच्या पिसाने आत थोडं रॉकेल फिरवलं. मग श्वास रोखून हलक्या हाताने किल्ली वळवली. ती फिरली! इंजिनाने असा आवाज केला की चैतूची कोंबडी छपरावर गेली. साहेब परत गाडीत बसले.

ओढ्याशी खरोखरच सारं गाव उभं होतं. जीप उतारावरून पाण्यात शिरली, दगड जागचे हलले नाहीत, आणि ती पलीकडे चढली. साहेब खाली उतरून रस्त्यावर पाय आपटत म्हणाले, "पक्का आहे." बायांनी जीपला ओवाळलं. लटारूची छाती खाकी शर्टात मावेना.

इतक्यात वारलू वाटीत हळद घातलेलं कोमट तेल घेऊन आला. लटारूने झटकन किल्लीच्या भोकावर तळवा ठेवला. "बा, इथी नको! मोटारीले तेल नको!"

"मोटारीले कोण लावून राह्यलं?" म्हातारा जीपकडे न बघताच म्हणाला. "वझं वाह्यते त्याचे खांदे शेकतेत."

त्याने वाटीत बोटं बुडवली आणि लेकाच्या दोन्ही खांद्यांवर, शर्टावरूनच, तेल चोळलं.

"चाल डायवर, जेवाले चाल."