अठरा काळ्या पावत्या

आमच्या चुलत्यांचा माणसाच्या शब्दावर काडीचा विश्वास नव्हता. विश्वास कागदावर. डेअरीत दूध घातलं की चिठ्ठी, गिरणीत दळण टाकलं की चिठ्ठी. गिरणीवाला वैतागून म्हणायचा, "राव, तुमचं पीठ मी खातोय व्हय?" चुलते शांतपणे म्हणायचे, "खाल्लं तर तसं लिहून द्या."

अशा माणसानं विहिरीवरची मोटर हप्त्यानं घेतली. अठरा हप्ते, एकही चुकवला नाही. हप्ता भरला की दुकानातल्या मशिनीतून गुळगुळीत कागदाची पावती सर्रकन बाहेर यायची. पुढं पुढं त्यावरची अक्षरं फिकट व्हायला लागली आणि चुलत्यांची झोप उडाली. अठराच्या अठरा पावत्या घेऊन ते शिनोलीहून घोडेगावला गेले आणि लॅमिनेशनला दिल्या. तो कागद गरम झाला की काळा पडतो, हे ना त्यांना ठाऊक, ना दुकानदाराला. बरं, पहिली काळी निघाल्यावर तरी थांबावं की नाही? छे! म्हणे, पहिलीचाच कागद खराब असेल. अशा अठराही निघाल्या, तव्यासारख्या काळ्याकुट्ट आणि वरून चकचकीत. "आता फाटनार तर न्हाईत," असं म्हणून त्यांनी त्या बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या.

मोटर जळून भंगारात गेली, तिची विहीरही आटली, आणि मग वसुलीचे फोन सुरू झाले. मला! कारण कर्जाच्या फॉर्मवर चुलत्यांनी ओळखीची व्यक्ती म्हणून माझा नंबर दिला होता. मी मंचरला नोकरी करते. ऑफिसात साहेब समोर बसलेले असताना फोनवर कुणीतरी हिंदीत विचारायचं, "मॅडम, मोटर का पैसा कब भरोगे?" मी समजावून पाहिलं, भांडून पाहिलं. माझं डोकं तसंही लवकर तापतं. "अहो, खातं उघडून बघा, सगळं भरलंय!" तर पलीकडून, "रसीद भेजो." काय भेजू? अठरा काळ्या पाट्या? एकदा रागारागात एकीचा फोटो पाठवला सुद्धा. उत्तर आलं, "मॅडम, फोटो उजाले में निकालो."

चुलत्यांनी मात्र ते मनाला लावून घेतलं. मी सुट्टीला गेले की चहा व्हायच्या आत विचारायचे, "आला का गं नील दाखला? बाकीदार म्हनून न्हाई मरायचं मला." बाकी काही नाही, असा एक कागद. तेवढाच हवा होता त्या माणसाला. तो यायच्या आतच ते गेले.

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मी म्हटलं, "ते वारले." तर तो म्हणतो कसा, "सब यही बोलते हैं, मॅडम." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "मग या दशक्रियेला! घाटावर या, सकाळी आठला. डोळ्यांनी बघा आणि खात्री करा!" पत्ता, गाव, वार, सगळं ओरडून सांगितलं आणि फोन आपटला.

आणि तो आला की हो! फोनवर हिंदी झाडायचा, पण निघाला मराठीच. चाळिशीचा, पोट सुटलेला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, खांद्याला बॅग. आता आमच्या भागात दशक्रियेला असा माणूस दिसला की तो कुठल्यातरी संस्थेच्या वतीनं श्रद्धांजली वाहायलाच आलाय, हे ठरलेलं. कुणीतरी त्याचा हात धरून त्याला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. कुणीतरी कंपनीचं नाव विचारून चिठ्ठी पुढं दिली. प्रवचन झालं, सरपंच झाले, पतसंस्था झाली, भजनी मंडळ झालं, आणि माइकवाल्यानं पुकारलं, "आता फायनान्स कंपनीच्या वतीनं!"

मी कपाळावर हात मारला.

बिचारा घामाघूम होऊन उभा राहिला. पण नऊ भाषणं ऐकून कुणाच्याही तोंडात तेच बसतं. "कैलासवासी अतिशय मनमिळाऊ होते," तो म्हणाला. त्यानं त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. "कष्टाळू होते. व्यवहाराला चोख होते."

"थांबा पावणं!"

काकी होती. दहा दिवसांत ती रडली नव्हती, धड बोललीही नव्हती. आता पदराखालून बिस्किटाचा डबा काढून उभी राहिली. "चोख व्हतं ना? मग फोन कशापायी करता? ह्यांच्याकडं बाकी हाय का न्हाई, ते माइकवर सांगा."

काकीनं डबा त्याच्या हातात दिला. त्यानं डबा उघडला, एक काळी पाटी उलटी केली, सुलटी केली, उन्हात धरली. मग मुकाट्यानं ऑफिसला फोन लावला. माइक तोंडाशीच राहिला होता, म्हणून पलीकडचा साहेब अख्ख्या गावानं ऐकला: "अरे, ते खातं कधीच बंद झालंय. तुझ्याकडची यादी जुनी आहे!"

दोन वर्षं! दोन वर्षं मी बोंबलून तेच सांगत होते! मी उठणारच होते, पण माझ्या आईनं मला खाली ओढलं.

"बाकी नाही," तो माइकवर म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दशक्रियेला टाळ्या! माइकवाल्यानं "शांतता, शांतता" केलं.

तोवर पिंडाला कावळा शिवायची वेळ झाली होती. पिंड ठेवले, सगळे मागं सरले. समोर बाभळीवर चार कावळे बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ. चुलत भाऊ हात जोडून म्हणाला, "गाय इकनार न्हाई." काही नाही. "नातीला शिकवू." काही नाही. "बाकी न्हाई म्हनलंत की आता पावणं!" तरी नाही. ऊन चढलं. काकी एकदम म्हणाली, "अवो, ते तोंडी ऐकून घ्येतील व्हय? लिहून द्या त्यान्ला."

मग काय! त्या गृहस्थानं बॅगेतून पावतीपुस्तक काढलं, गुडघ्यावर ठेवून चुलत्यांचं पूर्ण नाव घातलं, खाली लिहिलं, "काही येणे बाकी नाही." सही केली, शिक्का मारला. भावानं तो कागद पिंडाशेजारी दगडाखाली ठेवला. आम्ही दहा पावलं मागं गेलो असू नसू, तोच कावळा उतरला. आधी कागदाकडं मान तिरकी करून बघितलं, खरंच बघितलं, आणि मग पिंडावर चोच मारली.

लोक जेवायला वळले. काकी तो कागद हातात धरून तिथंच उभी होती. वसुलीवाला चप्पल घालता घालता अगदी मनापासून म्हणाला, "मावशी, जपून ठेवा हां. लॅमिनेशन करून घ्या."

काकीनं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागली. तिला हसू आवरेना, मला आवरेना, तो बावळटासारखा बघतोय. आणि हसता हसताच तिला रडू फुटलं, मोठ्यानं, दहा दिवसांचं. मी तिला धरून बसले, गप्प केलं नाही.