नकाशातली घडी

नकाशा टेबलावर उलगडला की सर आधी त्याच्या प्रत्येक घडीवरून अंगठा फिरवायचे. सावकाश, आजारी लेकराच्या कपाळावरून हात फिरवावा तसा. मग आमच्याकडे बघून विचारायचे, "ही घडी आहे की पाणी?"

आम्ही हसायचो. तुम्हीही असे एखादे सर पाहिले असतील, ज्यांच्या एका वाक्याची कँटीनमध्ये नक्कल होते. कपाला तडा दिसला तरी आमच्यातलं कोणीतरी अंगठा फिरवून तेच विचारायचं.

जळगावला नगरनियोजनाच्या पदवीला ते आम्हाला आपत्तीचा धोका कसा कमी करायचा ते शिकवत. जेवणानंतरचा झोपाळू तास. बाकीचे विषय शहर कसं वाढवायचं ते सांगत. सर म्हणत, "वाढवलंत. आता पाणी आलं तर ही म्हातारी कुठून बाहेर पडेल?" कोणती म्हातारी, असं विचारलं की चिडत. "प्रत्येक वस्तीत एक असते. आधी तिला विचारा, मग पेन्सिल उचला."

मी यावलकडचा. वडील केळीचे घड ट्रकमध्ये भरत. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच. सरांनी पहिल्याच आठवड्यात मला उठवलं. "बागेत पाणी साचलं तर वडील काय करतात?"

"आधी ते कुठून आलं ते बघतात, सर. मग चर मोकळा करतात."

"मग निम्मा विषय तुला घरूनच येतो. बस."

वडिलांकडून मी काही शिकलोय, असं मला तोवर कोणी म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून सर सांगतील ते मी करत गेलो.

शेवटच्या वर्षी प्रकल्प होता. एक वस्ती निवडायची, तिचा जुना नकाशा आणि मंजूर आराखडा शेजारी ठेवायचे आणि काय बदललं ते शोधायचं. सरांच्या कपाटात कापडावर चिकटवलेल्या जुन्या नकाशांचा गठ्ठा होता. मी धुळ्याच्या कडेची एक कॉलनी घेतली. तिथे माझी ताई राहते. जेवणाची सोय आणि भाच्यांची भेट, एवढाच हिशेब.

रविवारी ताईच्या ओट्यावर मी दोन्ही नकाशे पसरले. भाच्यांना हसवायला सरांसारखा चेहरा केला आणि जुन्या नकाशाच्या घडीवरून अंगठा फिरवला. "ही घडी आहे की पाणी?"

घडीच्या खाचेत निळी शाई होती.

मी नकाशा उन्हात धरला. डोंगराकडून आलेला नाला बरोबर त्या घडीतूनच जात होता. नव्या आराखड्यात त्या जागी नाला नव्हता, प्लॉट होते. त्यातला एक ताईचा. मी बसलो होतो तो ओटा नाल्यात होता.

ही चूक कोणाची, ते बघायला मी आराखड्याच्या कोपऱ्यातली चौकट पाहिली. आखणी करणाऱ्याची सही तिथे असते. सही सरांची होती. आमच्या वह्यांवर असायची तीच, शेवटी दोन टिंबं दिलेली.

सोमवारी मी दोन्ही नकाशे त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी अंगठा निळ्या शाईवर ठेवला.

"मला घडी वाटली होती," ते म्हणाले. "शिकवायला येण्याआधी नगररचना कचेरीत नवा आरेखक होतो, घाई होती. तपासणाऱ्यानं माझ्या रेघेवर भरवसा ठेवला. कळलं तेव्हा घरं उभी राहिली होती. अर्ज केले. उत्तर एकच, मंजूर आराखड्यात नाला दिसत नाही. हा नकाशा दरवर्षी गठ्ठ्यात ठेवतो. कोणी अंगठा फिरवेल म्हणून."

"तिथे माझी ताई राहते, सर. दोन लेकरं आहेत."

त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"तिथल्या लोकांना सांगितलंत?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. नाल्यापेक्षा, सहीपेक्षा मला त्याचाच जास्त धक्का बसला. म्हातारीला आधी विचारा म्हणणारा हा माणूस इतकी वर्षं त्या म्हातारीसमोर गेलाच नव्हता.

मग त्यांनी चष्मा पुसला. "चल. धुळ्याची एसटी बघू."

ताईच्या ओट्यावर गल्ली जमली. सर उभे राहिले. "इथला नाला नकाशातून माझ्या हातानं गेला. तुमची घरं त्याच्या वाटेत आहेत."

मग शेजारच्या अक्का म्हणाल्या, "आते सांगी राह्यना का, भाऊ? आते घर डोकावर लई फिरू का?"

कोणीतरी हसलं. सरांनी मान खाली घातली. "घर नाही नेता येणार, अक्का. पण जीव घेऊन निघता येईल."

त्यांनी पिशवीतून गेरू काढला आणि प्रत्येक भिंतीवर छातीच्या उंचीला रेघ ओढली. पाणी इथवर येऊ शकतं. गढूळ पाणी दिसलं की सामान शोधायचं नाही, शाळेच्या वरच्या मजल्यावर जायचं. त्याच संध्याकाळी सगळ्यांना ती वाट चालवली. अक्का सर्वांत पुढे, सर घड्याळ बघत मागे.

त्यानंतर दर उन्हाळ्यात ते रेघ उजळायला जात. निवृत्त झाल्यावरही. सर आले की अक्का दुरूनच ओरडत, "उना, पाणीवाला उना!" आणि चहा टाकत. सर पुन्हा सगळ्यांना चालायला लावत. "सगळे वर आहेत का?" विचारलं की अक्का म्हणत, "बठ्ठा शेतस." पुढे मी त्यांच्याच जागी शिकवायला लागलो. गेल्या हिवाळ्यात ते वर्तमानपत्र वाचता वाचता गेले. या उन्हाळ्यात रेघ मी उजळली.

श्रावणात एका दुपारी वर्गात मी घडीवरून अंगठा फिरवत सरांचा प्रश्न विचारला आणि मुलं हसली. तेवढ्यात ताईचा फोन आला. धुळ्यात ऊन होतं, पाऊस वर डोंगरात झाला होता. मागे शाळेतला गलका ऐकू येत होता, लेकरांचं रडणं, अक्कांचा आवाज.

"पाणी उनं रे," ताई धापा टाकत होती. "घर दिसत नाही. सरले सांग, रेघ कमी पडनी. पण आम्ही बठ्ठा वर शेतस. बठ्ठा. सांग त्यास्ले."

मग तिचं तिलाच आठवलं, आणि फोनवर नुसता गलका उरला. टेबलावर तोच नकाशा उलगडलेला होता. माझा अंगठा घडीवर होता आणि मुलं हसायची थांबली होती.